नाव नटाचे, कुंपण मालकाचे

८ जुलै १९२१. मुंबईचे बालीवाला ग्रँड थिएटर. नाटक 'मानापमान'. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. पहिला 'ललितकलादर्श'चा मालक, दुसरा 'गंधर्व नाटक मंडळी'चा. एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले हे दोघे टिळक स्वराज्य फंडासाठी एका रात्रीपुरते एका रंगमंचावर आले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात तो प्रयोग 'संयुक्त मानापमान' या नावाने अमर झाला.

त्या रात्रीकडे क्षणभर तिकीटबारीच्या दृष्टीने पाहावे. नाटक नवे नव्हते. खाडिलकरांचे 'मानापमान' १९११ सालीच रंगभूमीवर आले होते. भामिनी कोणाला वरणार हे शेवटच्या बाकावरच्या पोरालाही ठाऊक होते, पदे घरोघर म्हटली जात होती. कंपनीचे आकर्षण म्हणावे, तर एका कंपनीचा प्रयोगच नव्हता तो. प्रेक्षक आला तो दोन नावांसाठी.

आता चौदा वर्षे पुढे यावे. १९३५. पुण्याची प्रभात फिल्म कंपनी, म्हणजे त्या काळी मराठी चित्रपटातले सर्वांत विश्वासार्ह नाव. दिग्दर्शक व्ही. शांताराम. कथा संत एकनाथांची. प्रमुख भूमिकेत साक्षात बालगंधर्व. चित्रपट 'धर्मात्मा'. आधीचे 'महात्मा' हे नाव गांधीजींचा संदर्भ सुचवते म्हणून सेन्सॉरने बदलायला लावले होते, म्हणजे फुकटची प्रसिद्धीही झालेली. तरी चित्रपट अपेक्षेइतका चालला नाही. पुढच्याच वर्षी त्याच प्रभातने संतपटच काढला, 'संत तुकाराम'. त्यात विष्णुपंत पगनीस. तेही पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत, पण कीर्ती बालगंधर्वांच्या पासंगाला पुरणारी नव्हती. तो चित्रपट मुंबईत एका वर्षाहून अधिक काळ एकाच चित्रगृहात चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत गेला.

मग प्रेक्षक नावाला येतो की येत नाही?

दर शुक्रवारी एखादा मोठ्या नटाचा चित्रपट पडला की हाच प्रश्न नव्याने विचारला जातो, आणि उत्तरही तयार असते: नटांची आणि दिग्दर्शकांची सद्दी संपली, आता फ्रँचायझी चालते. ओळखीची व्यक्तिरेखा, ओळखीचे विश्व, भाग दोन, भाग तीन. प्रेक्षक मुखवट्यासाठी येतो, मुखवट्यामागे कोण आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. या धाग्याची भूमिका आधीच सांगितलेली बरी. हे उत्तर इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. शिवाय ते निरागसही नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत ते ज्यांनी ज्यांनी दिले, त्यांच्या हातात बहुतेक वेळा पगाराची वही होती.

स्मरणरंजनवाल्यांनी मात्र यावर टाळ्या वाजवू नयेत. 'पूर्वी खरे नट होते, लोक नुसत्या नावावर येत' हे त्यांचे पालुपदही तितकेच खोटे आहे. 'धर्मात्मा'चा दाखला वर दिलाच आहे. ज्या सुवर्णकाळाची आठवण काढून उसासे टाकले जातात, त्या काळातही नाव एका घरातून दुसऱ्या घरात नेले की त्याचे तेज तेवढेच राहील, याची हमी कोणी देऊ शकत नव्हते. भामिनीचा शालू नेसलेल्या बालगंधर्वांवर जीव टाकणाऱ्या प्रेक्षकाने एकनाथांच्या वेषातल्या बालगंधर्वांशी तोच करार केलेला नव्हता.

आरंभापासून पाहू. चित्रपटाच्या आधी इथे नाटक कंपनी होती, आणि नाटक कंपनी हाच आपल्याकडचा पहिला 'ब्रँड'. किर्लोस्कर नाटक मंडळी १८८० साली 'शाकुंतल' घेऊन उभी राहिली. पाचच वर्षांत, १८८५ साली, अण्णासाहेब किर्लोस्कर वारले. पण पाटीवर किर्लोस्कर राहिले. माणूस गेल्यावरही नाव गल्ला भरते, हा शोध मराठी रंगभूमीला असा फार लवकर लागला.

तरी गल्ला कोण भरत होते? भाऊराव कोल्हटकर. सुभद्रा, शकुंतला या भूमिकांनी त्यांनी कंपनी तोलून धरली. १९०१ साली ते गेले आणि किर्लोस्कर मंडळीला उतरती कळा लागली. कंपनीचे नाव तेच होते, 'सौभद्र' तेच होते, पडदे तेच होते. आजचे हिशेबनीस ज्याला फ्रँचायझी म्हणतात ते सगळे जागच्या जागी होते. प्रेक्षक तेवढा पातळ झाला. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा मिरजेला शकुंतला म्हणून उभा राहिला आणि कंपनीचे दिवस पालटले.

१९१३ साली हाच मुलगा, म्हणजे एव्हाना बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांना घेऊन बाहेर पडला आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. किर्लोस्करांनी हार मानली नाही. त्यांनी दीनानाथ मंगेशकरांना आणले, तो आवाज लोकांनी डोक्यावर घेतला. आणि १९१८ साली दीनानाथही चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बाहेर पडले. बळवंत संगीत नाटक मंडळी निघाली. पाच वर्षांत दोनदा तोच घाव. त्यानंतर किर्लोस्कर मंडळीला जुने वैभव परत आले नाही.

या घटनाक्रमाचा नेहमीचा अर्थ 'नट कृतघ्न निघाले' असा लावला जातो. नट कृतघ्न होते की नव्हते हा चहाच्या टपरीवरचा विषय आहे. इतिहासाच्या अंगाने महत्त्वाचे ते मालकाच्या बाजूने दिसते. कंपनी पैसा लावते, मुलाला गाणे शिकवते, गावोगाव त्याचे नाव पोहोचवते, आणि प्रेक्षकाचा विश्वास शेवटी जाऊन बसतो तो एका माणसाच्या गळ्यात. तो माणूस सकाळी उठून निघून जाऊ शकतो. मालकाच्या दृष्टीने याहून धोकादायक गुंतवणूक नाही. प्रेक्षकाचा विश्वास अशा एखाद्या वस्तूवर बसवता आला, जी आजारी पडत नाही, पगारवाढ मागत नाही, कंपनी सोडत नाही, तर? मालकवर्गाचे शंभर वर्षांचे स्वप्न ते हेच. फ्रँचायझी हे त्या स्वप्नाचे आजचे नाव.

इथे एक घोटाळा निस्तरला पाहिजे. ओळखीच्या कथेची ओढ आणि फ्रँचायझी या दोन गोष्टी एक नाहीत, आणि सगळी चर्चा त्या एकच आहेत असे गृहीत धरून चालते.

ओळखीच्या कथेची ओढ जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, तेव्हा हरिश्चंद्राची कथा कोणाला सांगावी लागली नाही. 'लंकादहन' (१९१७) मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंखे या एकाच नटाने केल्या. लोक प्रभू रामचंद्रांच्या दर्शनाला येत होते. पडद्यावर राम प्रकटला की कित्येक जण पायातले जोडे काढून ठेवीत, असे वर्णन मिळते. साळुंख्यांसाठी कोणी जोडे काढले नव्हते. मुखवटा मोठा, नट लहान: आजच्या सिद्धांताला याहून चांगला पुरावा कोणता?

पण ही कथा फाळक्यांच्या मालकीची नव्हती. उद्या दुसऱ्या कोणी हरिश्चंद्र काढला तर फाळके त्याला नोटीस पाठवू शकत नव्हते. सिंहगडाचे उदाहरण याहून बोलके आहे. बाबुराव पेंटरांनी १९२३ साली मूकपटांच्या काळात 'सिंहगड' काढला, प्रभातने १९३३ साली बोलपट काढला, २०२० साली अजय देवगणांचा हिंदी 'तान्हाजी' आला, २०२३ साली दिग्पाल लांजेकरांचा 'सुभेदार'. शंभर वर्षांत एकाच कड्यावरून चार कंपन्या वर चढल्या आणि कोणीही कोणाला वाटेचे भाडे दिले नाही. कोंढाण्याचे स्वामित्वहक्क कोणाच्याच तिजोरीत नाहीत. म्हणून प्रत्येक वेळी नव्याने काहीतरी घालावे लागले: पेंटरांची चित्रकाराची नजर, प्रभातची तांत्रिक सफाई, देवगणांचे नाव, लांजेकरांनी 'फर्जंद'पासून भागाभागाने बांधत आणलेला प्रेक्षक.

फ्रँचायझी म्हणजे या सामाईक रानाला घातलेले कुंपण. कथेवर लोकांचे प्रेम आहे हा भाग निसर्गाचा. त्या प्रेमाकडे जाणारा रस्ता एकाच फाटकातून जातो आणि फाटकावर एकच पहारेकरी बसतो, हा भाग कायद्याचा. तिकीट विकते ते प्रेम. कुंपण नुसते पावती फाडते. 'फ्रँचायझी चालते' या विधानात प्रेमाचे श्रेय कुंपणाला दिले जाते.

अमेरिकेत हे सारे अधिक उघडपणे घडले, कारण तिथे करार कागदावर होते आणि भांडणे न्यायालयात गेली. १९१० च्या आधी बायोग्राफ कंपनी आपल्या नटनट्यांची नावे जाहीरच करीत नसे. प्रेक्षक एका नटीला 'बायोग्राफ गर्ल' म्हणून ओळखत. चेहरा प्रेक्षकाचा लाडका, नाव मात्र कंपनीचे. तिचे खरे नाव फ्लॉरेन्स लॉरेन्स. कार्ल लेम्ली या प्रतिस्पर्ध्याने तिला फोडले आणि १९१० साली, तिच्या मृत्यूची अफवा कशी खोटी आहे हे सांगणारी जाहिरात देऊन, तिचे नाव गाजवले. (अफवा उठवणाराही लेम्लीच असावा, असा इतिहासकारांचा दाट संशय आहे. प्रसिद्धीखात्याची परंपरा थोर आहे.) नाव उघड झाले आणि पगार चढू लागले. १९१६ साली चार्ली चॅप्लिनने म्युच्युअल कंपनीशी वर्षाला ६ लाख ७० हजार डॉलरांचा करार केला. तीनच वर्षांनी चॅप्लिन, मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि दिग्दर्शक ग्रिफिथ यांनी स्वतःची युनायटेड आर्टिस्ट्स कंपनी काढली. गंधर्व मंडळीची सहा वर्षांनी लहान बहीणच ती.

मालकांनी उत्तर दिले ते सात वर्षांच्या करारांनी. नट भूमिका नाकारू लागला की त्याला निलंबित करायचे आणि निलंबनाचे दिवस कराराला जोडायचे, म्हणजे सात वर्षे कधी संपतच नाहीत. ऑलिव्हिया डी हॅविलंड या नटीने वॉर्नर ब्रदर्सविरुद्ध ही पद्धत न्यायालयात नेली आणि १९४४ साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने सात वर्षे म्हणजे पंचांगातली सात वर्षे, असा निर्वाळा दिला. ज्या काळाला 'स्टार्सचा सुवर्णकाळ' म्हणतात, त्या काळात सर्वांत चमकत्या ताऱ्यांनाही एवढ्या साध्या गणितासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

आणि फ्रँचायझी? तीही त्याच सुवर्णकाळातली. युनिव्हर्सलने १९३१ साली 'फ्रँकेन्स्टाइन' काढला, तेव्हा राक्षस बोरिस कारलॉफ होता. तीन चित्रपटांनंतर कारलॉफ बाजूला झाला. मुखवटा लॉन चेनी धाकट्याने चढवला, मग बेला लुगोसीने, मग ग्लेन स्ट्रेंजने. १९४३ साली तर त्या राक्षसाची 'वुल्फ मॅन'शी गाठ घालून दिली गेली. दोन मालिकांची पात्रे एका चित्रपटात आणण्याचा जो प्रकार आज एकविसाव्या शतकातला शोध म्हणून मिरवला जातो, तो दुसऱ्या महायुद्धात जुना झाला होता.

लुगोसीची कहाणी मात्र थांबून ऐकण्यासारखी आहे. १९३१ च्या 'ड्रॅक्युला'ने त्याला अजरामर केले आणि त्याच भूमिकेत कोंडले. १९५६ साली तो वारला. त्यानंतर युनिव्हर्सलने ड्रॅक्युलाच्या रूपातल्या लुगोसीची छबी खेळणी, मुखवटे अशा मालासाठी परवाने देऊन विकली. वारसांनी दावा लावला: चेहरा आमच्या माणसाचा आहे. १९७९ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने वारसांविरुद्ध निकाल दिला. चेहऱ्याचा असा व्यापारी उपयोग त्याने हयातीत स्वतः केला नव्हता, म्हणून तो हक्क वारसांकडे उतरत नाही. पुढे १९८४ साली तिथल्या विधिमंडळाला मृत व्यक्तींच्या छबीसाठी वेगळा कायदा करावा लागला. 'प्रेक्षक मुखवट्यासाठी येतो' म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावे: मग युनिव्हर्सलने नुसत्या सुळ्यांची चित्रे का विकली नाहीत? लुगोसीचाच चेहरा का लागला?

हेच पुण्यात, प्रभातच्या फाटकाशी, वेगळ्या रूपात घडले. शांता आपटे म्हणजे 'अमृतमंथन', 'कुंकू', 'गोपाळकृष्ण' यांचा चेहरा आणि आवाज. 'कुंकू'तली म्हाताऱ्या नवऱ्याला नकार देणारी नीरा ज्यांनी पाहिली, त्यांना ती नटी प्रत्यक्षातही गप्प बसणारी नव्हती याचे नवल वाटू नये. १९३९ साली करारावरून कंपनीशी तिचे बिनसले आणि ती स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसली. वर्षभरात तिने 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिले. चित्रपटधंद्यात नटनट्यांचे काय होते हे आतून सांगणारे ते मराठीतले आरंभीचे पुस्तक आहे, आणि प्रभातच्या गौरवगाथांत त्याचा उल्लेख सहसा तळटीपेएवढाही येत नाही.

प्रभातचे मोठेपण यामुळे उणे होत नाही. पण प्रभातच्या उदाहरणावरून 'बॅनर चालतो, माणूस नाही' असे सांगणाऱ्यांनी पुढचे पान उलटावे. १९४२ साली शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर उभारले. राजकमलची 'शकुंतला' (१९४३) शंभरावर आठवडे चालली. प्रभातने १९४४ साली 'रामशास्त्री'सारखा उत्तम चित्रपट दिला, हेही खरे. कंपनी एका माणसाच्या जाण्याने रातोरात कोसळत नाही. मात्र दहा-बारा वर्षांत तिचा कारभार आटोपला आणि तिच्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे. तुतारी वाजवणाऱ्या स्त्रीचे ते बोधचिन्ह अजून ओळखीचे आहे. चिन्हाने प्रेक्षक आणायचे असते, तर त्याने आणले असते.

पगनीसांचे काय झाले हेही पाहण्याजोगे आहे. तुकाराम त्यांना असा चिकटला की पुढे ते 'संत तुलसीदास', 'नरसी भगत' अशा संतभूमिकांतच दिसत राहिले, आणि कित्येकांच्या मनात तुकोबांचा चेहरा तोच होऊन बसला. इथे मुखवट्याने नटाला गिळले की नटाने मुखवट्याला चेहरा दिला? दोन्ही. आणि दोन्ही बाजूंनी हिशेब केला, तर चेहरा देणाऱ्याच्या पदरात काय पडले हा प्रश्न उरतोच.

नट आणि मालक एकच झाला की काय होते, याचे मराठीतले उदाहरण दादा कोंडके. 'विच्छा माझी पुरी करा'च्या वगातून आलेला हा माणूस १९७१ साली 'सोंगाड्या' स्वतः निर्माता होऊन काढतो. ढगळ अर्धी चड्डी, लोंबती नाडी, भाबडा चेहरा आणि जिभेवर दुहेरी अर्थ. चित्रपट बदलले, नायिका बहुधा उषा चव्हाण, गावाचे नाव वेगळे, पण तो भोळा गडी तोच. ही फ्रँचायझीच होती, नावात आकडा नव्हता इतकेच. सलग नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवाची नोंद गिनीज बुकापर्यंत गेली. अभ्यासकांनी नाके मुरडली, आणि अजूनही मुरडतात. पण मालकीच्या दृष्टीने हा प्रयोग बालगंधर्वांपेक्षा अधिक शहाणा होता. बालगंधर्वांनी स्वतःचे नाव सोडवून घेतले आणि भरजरी पडदे, अत्तरे व बेहिशेबी थाट यांपायी कंपनी कर्जात घातली. कोंडक्यांनी नाव, पात्र आणि गल्ला तिन्ही एका मुठीत ठेवले. १९९८ साली ते गेले, तेव्हा ती नाडी दुसऱ्या कोणाच्या कमरेला शोभली नाही.

आता आजच्याकडे यावे. हिशेबनीसांचे आवडते शतक त्यांच्याच विरुद्ध साक्ष देते. २०१९ चा 'कॅप्टन मार्व्हल' जगभरात ११० कोटी डॉलरांवर गेला. २०२३ साली तीच नायिका, तीच नटी, तेच कुंपण घेऊन 'द मार्व्हल्स' आला आणि सुमारे २० कोटींवर थांबला. त्याच वर्षी एका भौतिकशास्त्रज्ञावरचा तीन तासांचा 'ओपनहायमर', ज्यातला बराच भाग बंद खोलीतल्या चौकशीचा आहे, ९५ कोटींच्या पुढे गेला, आणि पोस्टरवरचे सर्वांत विकाऊ नाव नायकाचे नव्हते, ख्रिस्तोफर नोलन या दिग्दर्शकाचे होते. यावर 'नोलनचे नाव तर बॅटमॅनने मोठे केले' असे उत्तर येईल. ते बरोबर आहे, आणि त्यातच या सिद्धांताचा पराभव आहे. बॅटमॅन नोलनच्या आधीही होता, नंतरही आहे. प्रेक्षक मात्र नोलनच्या मागोमाग कुंपणाबाहेर चालत आला.

मराठीत 'सैराट' (२०१६) हे याच जातीचे उदाहरण. रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर यांची नावे तोवर कोणी ऐकली नव्हती. मागचा भाग नव्हता, पुढचा भाग निघण्याची सोय कथेच्या शेवटच्या मिनिटाने ठेवली नव्हती. होते ते 'फँड्री'च्या दिग्दर्शकाचे नाव आणि अजय-अतुल यांची गाणी. मराठी चित्रपटाने तोवर कधी न पाहिलेला धंदा त्याने केला. मग २०२२ साली त्याच नागराज मंजुळ्यांनी हिंदीत 'झुंड' काढला, सोबत अमिताभ बच्चन, आणि चित्रपट 'सैराट'च्या जवळपासही गेला नाही. 'धर्मात्मा' पुन्हा एकदा. दिग्दर्शकाचे नाव आणि नटाचे नाव यांची बेरीज करून प्रेक्षक काढता येत नाही. प्रेक्षक नावावर विश्वास टाकतो तो एखाद्या विशिष्ट वचनापोटी, आणि ते वचन कोणते हे पुष्कळदा नावाच्या धन्यालाही चित्रपट पडल्यावरच कळते.

इतके असूनही 'फ्रँचायझी चालते' हे वाक्य संपत का नाही? कारण ते बैठकीत उपयोगी पडते. प्रेक्षक तुमच्यासाठी येत नाही असे लेखकाला, नटीला, दिग्दर्शकाला पटवून देता आले, की मानधनाचा आकडा खाली येतो. नवी कथा घेऊन आलेल्या तरुण दिग्दर्शकाला 'जुन्या हिटचा दुसरा भाग आहे का?' असे विचारण्याचा नैतिक अधिकार मिळतो. मराठीसारख्या छोट्या बाजारात ही किंमत अधिक जड आहे; इथे दुसरा भाग निघतो तो बहुधा कोणाच्या तरी पहिल्या चित्रपटाच्या जागेवर.

आणि आता स्वप्न आणखी पुढे गेले आहे. २०२३ साली हॉलिवूडचे नट ११८ दिवस संपावर होते. वादाच्या मुद्द्यांत एक असा होता की नटाच्या शरीराची व चेहऱ्याची संगणकीय प्रतिकृती त्याच्या संमतीशिवाय आणि मोबदल्याशिवाय वापरायची की नाही. प्रेक्षक नटासाठी येतच नसेल, तर त्याची प्रतिकृती कशाला हवी? लुगोसीच्या वारसांचाच हा खटला, फक्त आता वादी जिवंत आहेत. आपल्याकडेही त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचे नाव, आवाज, छबी आणि त्यांच्या खास ढबीतला 'झकास' हा उद्गार यांच्या अनधिकृत व्यापारी वापराला मनाई केली. गिरगावापासून गडहिंग्लजपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेला शब्द कोर्टाच्या आदेशात एका नटाच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग म्हणून नोंदला जावा, यावर हसू येते. पण कुंपण घालण्याची विद्या नटही शिकले, असाच त्याचा अर्थ.

२०२५ साली रायन कूगलर या दिग्दर्शकाचा 'सिनर्स' आला. मूळ कथा, मागचा भाग नाही, कॉमिक नाही, खेळणे नाही. त्याने जगभरात ३५ कोटी डॉलरांहून अधिक धंदा केला. हॉलिवूडच्या कार्यालयांत मात्र कुजबुज चालली होती ती त्या धंद्याविषयी नव्हती. कूगलरने वॉर्नर ब्रदर्सशी केलेल्या करारात अट होती की पंचवीस वर्षांनी चित्रपटाची मालकी दिग्दर्शकाकडे परत येईल. ज्यांच्या मते दिग्दर्शकाच्या नावाला प्रेक्षक येत नाही, त्यांनीच असा करार उद्या सगळे मागू लागले तर काय, अशी धास्ती घेतली. तिकिटे विकली गेली होती, पैसे जमा झाले होते. चिंता २०५० सालाची होती.